कपाळावरची बंदूक, काखेतली कांडी आणि पुण्याहून आलेला पट्टा

ताप मोजायच्या तीन वस्तू घरात वापरून झाल्या, त्यांचे गुण आधी सांगून टाकतो. घरात कुणाची केमो चालू असेल आणि तुम्ही औषधाच्या दुकानात उभं राहून हे वाचत असाल, तर पुढचं वाचायला सवड नसणार. काखेत धरायची साधी डिजिटल कांडी, १८० रुपये: पाचपैकी पाच. कपाळासमोर धरायची बंदूक, १,४५० रुपये: माणसासाठी दीड, टीव्ही दुरुस्तीसाठी साडेचार. काखेत चिकटवायचा ब्लूटूथवाला पट्टा, मुलाने पुण्याहून पाठवलेला, किंमत त्याने अजून सांगितलेली नाही: साडेतीन. कांडी घ्या आणि घरी जा. एक नको, दोन घ्या. दोन का, ते पुढे येईलच.

मी देवगड-जामसंड्याकडे ३७ वर्षं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान चालवतो. आता टीव्ही कमी आणि मिक्सर, इन्व्हर्टर, एसीचे बोर्ड जास्त. समुद्राचा खारा वारा आमचा मोठा पोशिंदा. तो नसता तर अर्धी गिऱ्हाइकं दुकानाची पायरी चढली नसती. तिन्ही वस्तूंची नावं मुद्दाम लिहीत नाही. पुढच्या वर्षी तोच माल दुसऱ्या पेटीतून येईल, आणि मला सांगायचंय ते आतल्या मालाबद्दल.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर आमच्या हिला स्तनाचा कर्करोग निघाला. ऑपरेशन कोल्हापूरला झालं, मग दर २१ दिवसांनी केमो. पहिल्या चार सायकलना ते लाल औषध, डॉक्सोरुबिसिन. वॉर्डात सगळे त्याला 'लाल' एवढंच म्हणतात. देवगडहून फोंडा घाट चढून, दाजीपूर, राधानगरी करत कोल्हापूर म्हणजे साडेतीन तास, आणि परतीला मांडीवर उलटीची पिशवी. पहिल्या सायकलनंतर नर्सने एक कागद हातात दिला. त्यात एकच ओळ लाल शाईने अधोरेखित होती: ताप १००.४ झाला की रात्र असो पहाट असो, फोन करा. आणि विचारल्याशिवाय तापाची गोळी देऊ नका.

खरं सांगतो, मला हसू आलं. आमच्याकडे १०० ला कुणी ताप म्हणत नाही, 'कसकस' म्हणतात. काढा प्यायचा, पांघरूण घ्यायचं, सकाळी माडाला पाणी लावायला मोकळे. पण नर्सबाईंनी बसवून समजावलं. केमोचं औषध भराभर वाढणाऱ्या पेशी मारतं, मग त्या गाठीच्या असोत, केसांच्या मुळाशी असोत की हाडाच्या मगजातल्या रक्त तयार करणाऱ्या असोत. औषध दिल्यानंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात पांढऱ्या पेशी तळाला जातात. 'काउंट पडला' म्हणतात तो हाच. जखमेला पू होतो, घसा सुजतो, कफ पिवळा होतो, हे सगळं पांढऱ्या पेशींचंच काम. सैन्यच नाही म्हटल्यावर लढाईचा धूर कुठून दिसणार? जंतू रक्तात शिरले तरी बाहेरून काही कळत नाही. पुष्कळदा ताप हीच एक खूण उरते. ही खूण हुकली तर पुढचे काही तास महागात जातात. म्हणून १००.४, म्हणजे ३८ अंश सेल्सिअस.

त्याच संध्याकाळी थर्मामीटर घ्यायला दुकानात गेलो. काउंटरवरच्या पोराने कांडीकडे बघितलंसुद्धा नाही. "काका, आता हे कोण वापरतंय? बंदूक घ्या, एका सेकंदात आकडा. पेशंटला हात लावायला नको, इन्फेक्शन नाही." २०२० मध्ये दुकानादुकानाच्या दारात हीच बंदूक मनगटावर रोखून ३४ आकडा दाखवत होती, आणि ३४ सेल्सिअसचा माणूस दारात चालत येत नाही, त्याला उचलून आणावा लागतो, हे मला ठाऊक होतं. तरी घेतली. इन्फेक्शन या शब्दाने घेतली. आणि हिरवा दिवा लागतो, टूं वाजतं, आकडा छान मोठा दिसतो. इलेक्ट्रॉनिक्सवालाच इलेक्ट्रॉनिक्सला आधी फसतो.

दहावा दिवस. रात्री साडेदहाला ही पडवीत बसलेली, अंगावर शाल. मी बंदूक लावली: ९८.२. पुन्हा अकराला: ९८.४. हिरवा दिवा. ही म्हणाली, "माका थंडी वाजता." मी म्हटलं, मशीन नॉर्मल दाखवतंय, वारा आहे म्हणून वाटत असेल. "मशीन काय सांगता ता ऱ्हवांदे, हात लावन बघा." तळवे बर्फासारखे, कपाळ गार. पण मानेखाली हात घातला आणि चटका बसला.

घरात जुनी कांडी होती, मुलगा शाळेत असतानाची. कपाटातून काढली तर मेलेली. मागचं झाकण उघडलं: एलआर ४१ चा बटन सेल, त्याच्या पत्र्यावर हिरवा बुरा. खाऱ्या हवेत दहा वर्षं पडलेली वस्तू दुसरं काय करणार! पडवीतून ही कण्हतेय आणि मी दुकानाच्या टेबलावर दिव्याखाली स्पिरिटने पत्रा घासतोय, खेळण्यातल्या लेझरमधून सेल काढून बसवतोय. सात-आठ मिनिटं गेली असतील, मला ती तासभर वाटली. तोंडात फोड आले होते म्हणून काखेत लावली. १०१.३.

पुढचं थोडक्यात सांगतो, कारण त्याची आठवण काढायला आवडत नाही. कोल्हापूरच्या डॉक्टरांनी फोनवर सांगितलं, घाट चढू नका, जवळ जिथे सलाइनमधून अँटिबायोटिक मिळेल तिथे आधी पोचा. शेजाऱ्याच्या गाडीने कणकवली. एकूण पांढऱ्या पेशी ९००, जिथे ४ हजार तरी हव्यात. त्यातल्या जंतूंशी लढणाऱ्या, न्यूट्रोफिल म्हणतात त्या, २८०. पहिलं इंजेक्शन पोचल्या पोचल्या गेलं, मग पाच दिवस दवाखान्यात. उतरलं सगळं.

घरी आलो आणि पहिलं काम काय केलं असेल, तर बंदूक उघडली. रागाने नव्हे. बरं, थोडी रागानेच.

आत बघण्यासारखं फार नाही: एक बोर्ड, एक डिस्प्ले, आणि नळीच्या तोंडाशी पत्र्याची बारीक टोपी. जुन्या मेकॅनिक मंडळींना एसएल १०० ट्रान्झिस्टर आठवत असेल, पायांवर उभी असलेली चकचकीत डबी. अगदी तशीच डबी, फक्त डोक्यावर काळसर काचेची खिडकी. ती काच नव्हेच, सिलिकॉनचा तुकडा. डोळ्याला अपारदर्शक, पण अंगातून निघणाऱ्या उष्णतेच्या किरणांना आरपार वाट देणारा. माणसाच्या अंगातून हे किरण सतत निघत असतात, त्यांचा जोर ९ ते १० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) लांबीच्या आसपास सगळ्यात जास्त.

डबीच्या आत काय, ते मला भाच्याने सांगितलं. तो पवईला आयआयटीत चिप बनवायच्या स्वच्छ खोल्यांत काम करतो. नखशिखांत पांढरा झगा घालून, डोळे तेवढे उघडे. दोन वेगळ्या धातूंच्या तारा टोकाला जोडल्या आणि एक टोक गरम, एक गार ठेवलं की त्यात विजेचा दाब तयार होतो, हे झेबेक नावाच्या शास्त्रज्ञाने १८२१ मध्ये पाहिलं. एका जोडाचा दाब अगदीच क्षुल्लक, म्हणून असे कितीतरी जोड एकामागे एक लावायचे. त्याला थर्मोपाइल म्हणतात. आता खुबी अशी, की गरम टोकं हवेत तरंगली पाहिजेत. चिपच्या दगडाला टेकली तर ऊब लगेच पळून जाते. म्हणून सिलिकॉनच्या चकतीवर आधी वरून पातळ थर चढवायचा, त्यावर जोडांची नक्षी काढायची, आणि मग मागच्या बाजूने गरम पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये चकती पोखरून काढायची. हे द्रावण सिलिकॉनला वाटेल तसं खात नाही. स्फटिकाच्या एका दिशेने भराभर खातं, दुसरीकडे दात लागत नाहीत, त्यामुळे खड्ड्याच्या भिंती आपोआप ५४.७ अंशांत तिरक्या उतरतात. चिऱ्याच्या खाणीत गडी सुतात कापतात तसं, पण इथे कापणारा गडीच नाही, दगडाचा स्वभाव कापतो. शेवटी वर उरतो तो मायक्रॉनभर जाडीचा पापुद्रा. माणसाचा केस ७० मायक्रॉनच्या घरात असतो. उन्हात वाळलेलं आंब्याचं साठ ताटावरून सोलताना जे पातळ टोक हाती येतं, तेसुद्धा याच्यापुढे चिऱ्याएवढं जाड.

हे ऐकल्यावर राग निम्मा गेला. १,४५० रुपयांत असली कारागिरी कपाळासमोर धरायला मिळते. दोष त्या पापुद्र्याचा नाही, हे नंतर कळलं.

मी दुकानात प्रयोग केले. बंदुकीला दोन मोड असतात, 'बॉडी' आणि 'सरफेस'. स्वतःच्या कपाळावर सरफेस मोड: ९३.४. लगेच बॉडी मोड: ९८.२. म्हणजे जवळजवळ पावणेपाच अंश मशीनने पदरचे घातले. कारखान्यात कुणीतरी तक्ता भरून ठेवलाय, की कपाळाची कातडी एवढी तर आतलं अंग एवढं असणार. कातडीचं माप खरं आहे, अंगाचं माप अंदाज आहे. पेटीवर '±०.२ अंश' छापलंय तेही खोटं नाही. ते कारखान्यातल्या काळ्या गरम पृष्ठभागापुढचं आहे, माझ्या बायकोपुढचं नाही.

आणि तो अंदाज नेमका कधी कोसळतो? थंडी वाजून ताप चढत असतो तेव्हा. मेंदू ठरवतो की अंग तापवायचं, आणि कातडीकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आवळून घेतो, म्हणजे ऊब बाहेर जाऊ नये. हातपाय गार, कपाळ गार, आतलं अंग पेटलेलं. बंदुकीला फक्त कपाळ दिसतं. त्यात आमची हवा. घाम आला, पंखा सुरू, की घाम सुकताना कपाळ आणखी गार पडतं. त्या रात्री बंदुकीने खोटं सांगितलं नाही, ती मला कपाळाबद्दल सांगत होती आणि मी हिच्याबद्दल ऐकत होतो.

आणखी एक गंमत, तांत्रिक मंडळींसाठी. स्टीलच्या तांब्यात ५० सेल्सिअसचं गरम पाणी घेतलं, बाहेरून सरफेस मोडने मोजलं: ३४. त्याच तांब्यावर काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवून टेपवर मोजलं: ४८. चकचकीत धातू स्वतःची उष्णता किरणांतून फारशी सोडत नाही, समोरच्या खोलीचीच परत फेकतो. माणसाची कातडी मात्र, गोरी असो की काळी, या किरणांपुरती जवळपास काजळासारखी वागते. म्हणून बोर्डावर गरम होणारा आयसी शोधायला बंदूक फार नामी. टेप लावा, नेम धरा. हल्ली मी रोज वापरतो. साडेचार गुण उगाच नाही दिले.

आता कांडी. हिच्याबद्दल लिहायला कमी आहे, कारण चांगल्या वस्तूबद्दल कमीच लिहायचं असतं. टोकाला स्टीलची टोपी, तिच्या आत खसखशीएवढा थर्मिस्टर. मँगनीज, निकेल, कोबाल्ट असल्या धातूंच्या ऑक्साइडची पूड दाबून भट्टीत भाजलेली, म्हणजे एका अर्थी मातीचं भांडंच. त्यात वीज तारेतल्यासारखी वाहत नाही. इलेक्ट्रॉन एका अणूवरून शेजारच्या अणूवर उड्या मारत जातात, आणि जितकी ऊब जास्त तितक्या उड्या सोप्या. म्हणून गरम केलं की अडथळा कमी होतो. तारेचं उलट. फॅरडेला १८३३ मध्ये चांदीच्या सल्फाइडमध्ये हे वागणं दिसलं होतं. २५ सेल्सिअसला १० किलोओहम अडथळ्याचा साधा थर्मिस्टर अंगाच्या उबेला ६ किलोओहमच्या आसपास येतो. दर अंशाला चार टक्क्यांचा फरक, म्हणजे मोजणाऱ्याला अगदी ठळक. स्वस्त चिपलासुद्धा चुकायला जागा नाही. जुन्या रंगीत टीव्हीत पडद्यावरचे रंगांचे डाग घालवणाऱ्या डिगॉसिंग कॉइलच्या जोडीला पोझिस्टर असायचा, तो याचाच उलट्या डोक्याचा चुलतभाऊ. तो बेरियम टायटनेटचा, तापला की वाट बंद करणारा.

मी आईच्या वेळचा पाऱ्याचा थर्मामीटर अजून जपून ठेवलाय (पाऱ्याचे आता काढून टाकताहेत, आणि बरोबरच आहे, फुटला तर घरभर विष). थर्मासमध्ये १०१ च्या आसपास कोमट पाणी केलं, पारा आणि नवी कांडी दोन्ही बुडवून धरल्या. फरक ०.१. तीनदा केलं, तीनदा तेवढाच. १८० रुपयांत आणखी काय हवं?

कांडीचे दोष आहेत, ते लपवत नाही. 'टीं टीं' वाजलं म्हणजे झालं असं नाही. आकडा वाढायचा वेग मंदावला की ती वाजते, पण काख अजून तापत असते. दाबून आणखी दोन-तीन मिनिटं ठेवली तर आमची ०.४ ने वर जाते. केमोच्या घरात तो ०.४ म्हणजे कसकस आणि कणकवली यांतला फरक. काखेतला आकडा तोंडातल्यापेक्षा थोडा कमीच येतो, तोंडात लावायची तर आधी चहा-पाणी घेऊन अर्धा तास झालेला हवा, आणि गुदद्वारात या पेशंटना अजिबात लावायची नाही. तिथे ओरखडा गेला तरी जंतूंना दार उघडतं. बॅटरी उतरली की आकडा फिका दिसतो, तिथेच सेल बदला. आणि दुसरी कांडी वेगळ्या खोलीत ठेवा, तांदळाच्या डब्याशेजारी, सिलिकाची पुडी घालून झाकणाच्या बरणीत. समुद्राकाठी राहणाऱ्यांना याचं कारण सांगायला नको.

पट्ट्याची गोष्ट जानेवारीतली. दवाखान्याचं ऐकून मुलगा घाबरला होता. पुण्यात बसून दर दोन तासांनी "आईचा ताप किती?" हे फोनवर विचारण्यापेक्षा मशीनलाच विचारावं, हा त्याचा हिशोब. पट्टा म्हणजे तपकिरी फिल्मचा जिभेएवढा तुकडा, मध्ये बटन सेल, चिप आणि टोकाला थर्मिस्टर. ती तपकिरी फिल्म बघून मला व्हीसीआरच्या हेडची रिबन आठवली. तेच पॉलिइमाइड नावाचं प्लास्टिक, वाकवा, तापवा, तुटत नाही. काखेत चिकटवायचा, मग तो मिनिटामिनिटाला फोनवर आकडा पाठवतो आणि फोनवर रेघ उमटत जाते.

पहिल्या रात्री दोन वाजता पट्टा घामाने सुटून गोधडीत गेला आणि मोबाइलवर हिचं तापमान ८९ झालं. पुण्याहून फोन. मी झोपेत, ही झोपेत, मुलगा रडकुंडीला. दुसऱ्या रात्री फोन माजघरात राहिला. आमच्या भिंती चिऱ्याच्या, हातभर जाडीच्या, त्यातून ब्लूटूथ काय जाणार? रेघ साडेअकराला संपली ती सकाळी उगवली. त्यात वीज गेली की वायफाय गेलं, वायफाय गेलं की पुण्याला काही दिसत नाही, आणि पुण्याला दिसलं नाही की फोन वाजतो. चिकट भागाने केमोची नाजूक कातडी लाल झाली, म्हणून बाजू बदलत राहायचं.

मग साडेतीन गुण कशाचे? त्या रेघेचे. मी आयुष्यभर ऑसिलोस्कोपवर, म्हणजे विजेचे चढउतार दाखवणाऱ्या पडद्यावर, रेघा बघितल्या, बायकोची पहिल्यांदाच बघितली. पहाटे चारच्या सुमाराला सगळ्यात खाली, संध्याकाळी सगळ्यात वर, मध्ये अंशभराचा झोका, रोज तसाच. भरती-ओहोटीसारखा. एकदा त्या झोक्याची ओळख झाली की वेगळं काही घडायला लागलं तर लगेच डोळ्यात भरतं. तिसऱ्या सायकलच्या नवव्या रात्री रेघ खाली उतरायच्या वेळी वर चढायला लागली. अकराला ९९.१, बाराला ९९.७, एक वाजून दहा मिनिटांनी १०० चा गजर. हिला काहीच वाटत नव्हतं, गाढ झोपलेली. उठवून कांडी लावली, पाच मिनिटं दाबून धरली: १००.६. आम्ही दीडला निघालो. या खेपेला आदल्या आठवड्यात पांढऱ्या पेशी वाढवायचं इंजेक्शन दिलेलं होतं (फ्रिजमध्ये ठेवायचं असतं, आणि देवगडची वीज... जाऊ दे), त्यामुळे काउंट बरे निघाले आणि दुसऱ्या दिवशी सोडलं. पण पहिल्या वेळेसारखी हाडं थडथडेपर्यंत वाट बघावी लागली नाही.

हे फक्त आमच्याच घरी दिसलं असंही नाही. भाच्याने सांगितलं, अमेरिकेत मिशिगन विद्यापीठातल्या डॉक्टरांनी कर्करोगाच्या पेशंटना असेच पट्टे लावून २०२१ मध्ये लिहिलंय, की दवाखान्यात नर्स ठरलेल्या वेळी येऊन बघते त्याच्या कित्येक तास आधी पट्ट्याला ताप दिसू शकतो. आणि ही गरज वाढतच जाणार. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलने मिळून तयार केलेल्या नेक्सकार १९ या उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये भारतात मंजुरी मिळाली. पेशंटच्याच रक्तातल्या टी पेशी काढून, त्यांना प्रयोगशाळेत कर्करोग ओळखायला शिकवून परत अंगात सोडायच्या. ठरावीक रक्ताच्या कर्करोगांवर आहे, आमच्या कामाचा नाही. पण त्या पेशी अंगात पेटून उठतात तेव्हा पहिली खूण काय? पुन्हा तापच. उपचार एवढा पुढे गेला तरी आधी बघायचं ते अंग तापलं का, हेच.

पट्ट्याची जात सुधारतेय, हेही कळलं. सिलिकॉन कडक, काचेसारखं तडकणारं, ते कातडीवर कसं राहील, या प्रश्नावर अमेरिकेतले शास्त्रज्ञ जॉन रॉजर्स यांच्या गटाने २०११ मध्ये वाट दाखवली. सिलिकॉन अतिशय पातळ करायचं आणि त्याच्या तारा सरळ न काढता नागमोडी काढायच्या. जाडी निम्मी केली की वाकायचा विरोध आठपट कमी होतो, हे गणित. बुरडाला विचारा, तो गणिताशिवाय सांगेल: बांबूची कांब मोडेल पण वाकणार नाही, तिच्याच कामट्या काढा, टोपली विणा. नागमोडी तारेला कातडीबरोबर ताणायला वाव मिळतो आणि सर्किट लहान मुलांच्या खोट्या गोंदणासारखं अंगाला बसतं. माझ्याकडे आलेला पट्टा त्या मानाने बैलगाडी आहे. पण बैलगाडीनेही त्या रात्री दीडला कणकवलीच्या रस्त्याला लावलं.

कुणी काय घ्यावं? चार तासांवर हॉस्पिटल आणि मुलं बाहेरगावी, अशांनी कांडी घेतल्यावर पैसे उरत असतील तर पट्टा घ्यावा. फोन त्याच खोलीत, चार्जरला लावून. पट्ट्याच्या गजरावर गाडी काढायची नाही, आधी कांडीने खात्री करायची. आणि आकडा काहीही असो, पेशंटला थंडी भरून येत असेल तर आकड्याशी वाद घालत बसायचं नाही, फोन करायचा. बंदूक घरात असेल तर फेकू नका, पण पेशंटच्या उशाशी नको.

आता शेवटची सायकल होऊन दोन महिने झाले. केस बोटभर आलेत. पट्ट्याचा सेल संपला, मी बदलला नाही. कांड्या दोन्ही बरणीत आहेत. गेल्या आठवड्यात बागेतला पहिला हापूस आढीत घातला, गवताखाली किती ऊब धरलीय ते बघायला बंदूक नेली आणि सवयीने आधी हिच्या कपाळाकडे वळवली. ही म्हणाली, "माझ्याकडे नको. ती आंब्याक लावा आता."

आंब्याला ३३.८ सेल्सिअस दाखवलं. सरफेस मोडवर.